चार स्पीकर आणि आबांचे कान

आमच्या घरात फ्रिज यायचा होता, त्या वर्षी चार स्पीकर आले.

तेव्हा आम्ही धुळ्यात राहत होतो. आमचे हे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, मी प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग घ्यायची. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मधे दार नसलेली नुसती चौकट. फ्रिजसाठी स्वयंपाकघरातला कोपरा मी रिकामा करून ठेवला होता. तिथला माठ हलवून बाहेर नेला होता, एवढी माझी खात्री.

भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमधे राहणारे एक अँग्लो-इंडियन गार्ड निवृत्त होऊन मुलीकडे परदेशी निघाले होते आणि घरातलं सगळं सामान विकत होते, अशी बातमी यांना कॉलेजातल्या कुणीतरी आणून दिली. रविवारी सकाळच्या एस.टी.नं हे भुसावळला गेले. जाताना म्हणाले, "नुसतं बघून येतो." संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आले. मला बरं वाटलं. जेवून हात धुतल्यावर म्हणाले, "सामान मंगळवारी येईल."

सामान आलं ते केळीच्या ट्रकमधून. माझं सासर फैजपूरजवळच्या एका गावात, केळी पिकवणारं. तिथून मुंबईला माल नेणारे ट्रक धुळ्यावरूनच जायचे. त्यातल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरनं भुसावळहून चार लाकडी पेट्या उचलल्या आणि वाळक्या केळीच्या पानांत गुंडाळून, हिरव्या घडांच्या मधे बसवून आमच्या दारात उतरवल्या. पुढे कितीतरी दिवस त्या पेट्यांना केळीच्या चिकाचा वास येत होता. जाळीच्या कापडातून मुंग्या निघत होत्या त्या वेगळ्याच.

पेट्या म्हणजे स्पीकर. त्यांच्याबरोबर एक भलामोठा अॅम्प्लिफायर होता. त्यात रेडिओही होता आणि चालू केला की त्याच्या कपाळावर हिरवा उजेड पडायचा. रेकॉर्ड लावायचं यंत्र होतं, रेकॉर्डचं एक खोकं होतं, आणि एका फ्लॅनेलच्या पिशवीत हेडफोन. हेडफोन म्हणजे नारळाच्या दोन अर्ध्या करवंट्या जाड पट्टीनं जोडल्यासारखे. टेलिफोनला असते तशी वेटोळी वायर. डोक्यावर घातले की मान आपोआप खाली जायची. यांनी ते दोन्ही हातांनी उचलून मला दाखवले. "एकेका कानाला दोन-दोन स्पीकर आहेत यात. असे हेडफोन आता कुठे बनतही नाहीत."

"का बरं बनत नाहीत?" मी विचारलं.

"लोकांना कळलं नाही त्यातलं," हे म्हणाले.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. साधं गाणं समोरून ऐकू येतं. या पद्धतीत आवाज चारही कोपऱ्यांतून येतो आणि ऐकणारा मधोमध असतो. म्हणजे आपण वाद्यवृंदासमोर बसलेलो नसतो, वाद्यवृंदाच्या मधे बसलेलो असतो.

"वाजवणाऱ्यांना अडचण नाही का होत?"

यावर ते स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेले.

बैठकीच्या खोलीला कोपरे चार होते, पण एका कोपऱ्यात बाहेरचं दार उघडायचं आणि दुसऱ्यात पलंग होता. म्हणून मागचे दोन स्पीकर स्वयंपाकघरात गेले. एक धान्याच्या कोठीवर बसला. दुसरा, अर्थातच, फ्रिजच्या जागेवर. मग यांनी सुतळीनं तिरपे समोरासमोरचे स्पीकर जोडून दोन कर्ण काढले. ते जिथे एकमेकांना छेदत होते तो खरा ऐकण्याचा बिंदू. तो नेमका उंबरठ्यावर पडला. भूमितीतला कर्ण आणि माणसाचा कर्ण एका जागी आले, याचा त्यांना इतका आनंद झाला की उंबरठ्यावर बसू नये वगैरे मी काही बोललेच नाही. त्यांनी तिथे खुर्ची ठेवली. त्या दिवसापासून मी पातेलं घेऊन त्या खुर्चीच्या कडेनं अंग चोरून जात-येत होते आणि ते डोळे मिटून म्हणत होते, "मधे येऊ नकोस, आवाज अडतो."

ऐकायला मात्र फारसं काही नव्हतं. खोक्यातल्या बहुतेक रेकॉर्ड साध्याच निघाल्या. चार बाजूंनी वाजणाऱ्या मोजक्याच होत्या, आणि त्यातली यांची सगळ्यात लाडकी होती ती गाण्याची नव्हतीच. ती नमुन्याची होती. त्यात एक इंग्रज गृहस्थ आधी शांतपणे सांगायचे की आता आवाज तुमच्या मागून डावीकडून येईल, आणि मग तो यायचा. टेबल-टेनिसचा चेंडू या भिंतीवरून त्या भिंतीवर जायचा. आगगाडी पलंगाखालून निघून कोठीमागे नाहीशी व्हायची. एक माणूस बूट घालून खडीवरून चालत संपूर्ण घराला फेरी मारायचा आणि कुठलंतरी दार लावून घ्यायचा. माझ्या स्वयंपाकघराला दार नव्हतं. तरी रोज संध्याकाळी पोळ्या लाटताना एक इंग्रज माझ्या पाठीमागून जायचा आणि ते लावायचा.

गल्लीत बातमी पसरली. लोक आगगाडी ऐकायला येऊ लागले. खुर्ची एकच असल्यामुळे रांग लागायची आणि बाकीच्यांना चहा लागायचा. गर्दी वाढली तेव्हा यांनी स्पीकर बंद करून पिशवीतून हेडफोन काढले. त्यात एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात यायला वेळ लागला. हेडफोन घातलेल्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो जे बोलतो ते ओरडून बोलतो. आमच्या घरमालकीण अक्का शेजारीच राहायच्या. त्यांनी डोक्यावरचा पदर न काढता त्यावरूनच हेडफोन चढवले, आगगाडी ऐकली, खूश झाल्या आणि माझ्या कानाशी कुजबुजायचं म्हणून वाकल्या. ती अहिराणी कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"हाई बठ्ठं चांगलं शे वं! पन तुना नवरा डोकाथीन सरकेल शे!"

डोक्यानं सरकलेले हे समोरच उभे होते. त्यांनी अदबीनं आवाज थोडा कमी केला. अक्कांनी हेडफोन काढले, सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय व्हयनं?"

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे सासरे. फार बोलायचे नाहीत. गावात त्यांना मोठा मान होता आणि तो एका प्रसंगामुळे होता. माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी आबांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, शेतीची वाटणी झाली. चार जाणती माणसं जमली होती. शेताचे दोन तुकडे होते. एक विहिरीचा, पाण्याचा. दुसरा रस्त्याकडचा, त्यात तेव्हा पाणी नव्हतं. पंचांनी भीत भीत आबांना विचारलं, विहिरीचा तुकडा धाकट्याला दिला तर चालेल का? आबांनी क्षणाचाही विचार न करता मान हलवली. हो. एक शब्द नाही, एक अट नाही. नाना तिथेच पायांवर पडले. पंचांचे डोळे भरून आले.

ही गोष्ट आमच्या घराण्यात सगळ्यांना पाठ होती. लग्न ठरवताना मुलगा आणि मुलगी पाच मिनिटं बोलले, त्यात मुलानं मला हीच गोष्ट सांगितली. यांचे विद्यार्थी सांगायचे की सर जडत्वाचा नियम शिकवतानाही या गोष्टीवर येतात.

आबांना थोडं कमी ऐकू येतं, हे घरात मान्य होतं, पण 'थोडं' या शब्दाच्या पुढे कुणी जात नव्हतं. जरा मोठ्यानं बोललं की आबाच रागवायचे, "वरडू नोको. मी काही भयरा नाही." मी नवीन असताना मला वाटायचं, त्यांना मी आवडत नाही. खाली मान घालून विचारायचे, "आबा, चहा देऊ?" आणि ते दुसरीकडे बघत राहायचे.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि ऑपरेशनसाठी हे त्यांना धुळ्याला घेऊन आले. सासूबाई गुरांसाठी गावीच राहिल्या. ऑपरेशन एकाच डोळ्याचं, पण हालचाल होऊ नये म्हणून डॉक्टरांनी पट्टी दोन्ही डोळ्यांना बांधली. घरी आणून आम्ही आबांना बैठकीतल्या पलंगावर निजवलं.

आणि आबा एकाएकी आमच्यापासून तुटले. मी ताट आणलं, "आबा, जेवण," म्हटलं, तर हललेच नाहीत. हाताला ताट लावलं तसे दचकले आणि वरण अंगावर सांडलं. हे कानाशी जाऊन ओरडले. आबा म्हणाले, "कोन हाये? कोनी हाये का इथं?" हे त्यांच्या अंगावर हात ठेवून उभे होते. आबा हवेत हात फिरवत होते. असा घाबरलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

तेव्हा मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं डोळ्यांनी ऐकत होता. समोरच्याचे ओठ बघायचा, चेहरा बघायचा, आणि अंदाजानं मान हलवायचा. मी खाली मान घालून चहाचं विचारायची तेव्हा त्याला काहीच दिसत नव्हतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. पट्टी बांधून डॉक्टरांनी त्याचे कानच बंद करून टाकले होते.

हे बराच वेळ उंबरठ्यावरच्या खुर्चीत बसून राहिले. मग उठले, हेडफोन आणले, आबांच्या पट्टीला धक्का लागू न देता हळूच त्यांच्या डोक्यावर बसवले आणि रेडिओ लावून आवाज वाढवत नेला. आपण ऐकतो त्याच्या कितीतरी पुढे गेले. मला वाटलं, करवंट्या फुटतील.

आबांचा चेहरा बदलला.

"कोन बोलू राह्यलं?" ते म्हणाले. मग एकदम, "केयी! केयीचा भाव सांगू राह्यला!"

माझ्या सासरी ळ ला य म्हणतात. रेडिओवर बाजारभाव चालू होते. आबा उठून बसले. त्यांनी जळगावचा भाव ऐकला, रावेरचा ऐकला, आणि कडाडले, "खोटं! येवढा भाव कोन दिऊ राह्यलं?" इतक्या मोठ्यानं की अक्का पळत आल्या.

असा तो चार दिशांचा संच केळीच्या भावाला लागला. हेडफोनची पिन खोचली की स्पीकर आपोआप बंद व्हायचे. त्यामुळे पुढचे दिवस आबा पलंगावर बसून शेतीचे कार्यक्रम, बातम्या, कीर्तन, जे लागेल ते ऐकत होते आणि त्यांचा मुलगा नेमक्या छेदबिंदूवर बसून काहीच ऐकत नव्हता.

रेडिओ एकतर्फी होता. त्याला उत्तर देता येईना आणि आम्हाला आबांना साधं 'औषध घ्या' सांगता येईना. यांनी अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे शोधून माइकचं भोक काढलं आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा एक माइक आणून जोडला. दुपारी मला बटण दाखवलं आणि कॉलेजला गेले.

मी माइक हातात धरून पलंगाजवळ बसले. शाळेत रोज पन्नास पोरांसमोर बोलणारी मी, पण माइक दोनदा तोंडाशी नेऊन खाली घेतला. शेवटी म्हटलं, "आबा, चहा घेता का?"

नेहमीच्याच आवाजात म्हटलं. आबा ताठ झाले. "कोन?"

"मी. तुमची सून."

त्यांनी एक करवंटी कानावर घट्ट दाबली. मग म्हणाले, "तुहा आवाज आसा हाये?"

"हो," म्हटलं, "असाच आहे."

"चांगला हाये," आबा म्हणाले. "आन चहात साखर कमी टाकत जाय. लग्न झाल्यापासून गोड करू राह्यली तू."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तू काही इचारायची, मी काही मान हलवायचो. मंग काय सांगाचं?"

त्यानंतर आम्ही रोज बोलायचो. माझी शाळा सकाळची होती, हे दुपारी कॉलेजात असायचे. मी तांदूळ निवडत बसायची, माइक मांडीवर, आणि आबा बोलायचे. मितभाषी म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस. थांबायचेच नाहीत. माझ्या माहेरचं विचारायचे, शाळेतल्या पोरांचं विचारायचे, अक्का आत्ता काय म्हणाल्या ते विचारायचे. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, "आबा, तुमच्या वाटणीची गोष्ट यांनी मला अगदी पहिल्या भेटीत सांगितली होती. मला तेव्हाच वाटलं, चांगल्या घरी चाललोय आपण."

आबा गप्प झाले. मला वाटलं, वायर निघाली. मी हलवून पाहिली.

"तुले एक सांगतो," ते म्हणाले. "कोनाले सांगू नोको. त्याले त बिलकूल नोको." 'त्याले' म्हणजे त्यांच्या मुलाला. "मले त्या दिवशी काहीच ऐकू आलं नव्हतं."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"पंच दाढीवाला व्हता. त्याचे व्हट कधीच दिसायचे नाही. जेवायची वेळ झाली व्हती. मले वाटलं, इचारू राह्यला, आधी जेवून घ्यायचं का? मी मान हलवली. तं नाना पाया पडला. मी म्हनलं, आता जेवनासाठी हा पाया काहून पडू राह्यला?"

"मग तुम्हाला कळलं कधी?"

"रात्री. तुह्या सासूनं कपाय झोडून घेतलं तवा."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं ना पंचांना, ऐकू आलं नव्हतं म्हणून!"

"दुसऱ्या दिवशी सारं गाव दारात व्हतं. आबा देवमानूस. आबानं इहीर देली. अवं, देवमानसानं दिलेलं परत कसं मांगाचं? आन भयरा हाये म्हनून सांगाचं?"

मी तोंडावर पदर दाबला, पण माइक चालूच होता. हसू सगळं त्यांच्या कानात गेलं, हेडफोनमधल्या चारही स्पीकरमधून. आबांना आधी राग आला, मग त्यांनाही हसू आलं. डॉक्टरांनी शिंकायला, खोकायला, वाकायला बंदी केली होती. हसण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, पण मी घाबरून माइक बंद केला.

मी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी हे नेहमीप्रमाणे वडिलांच्या पायाशी बसायचे, मी पोळ्या लाटत समोर बघायची नाही.

रविवारी नाना भावाला बघायला आले. येताना पिकत आलेला अख्खा घड आणला होता. नाना म्हणजे आबांसमोर आयुष्यात कधी खुर्चीवर न बसलेला माणूस. पहिला घड उतरला की आधी भावाच्या घरी पाठवायचे, मग बाजारात. ते जमिनीवर बसले आणि पट्टी बांधलेल्या, करवंट्या लावलेल्या भावाकडे पाहून त्यांना रडूच आलं. मी त्यांना माइकचं समजावलं. त्यांनी तो निवडणुकीच्या सभेत धरतात तसा धरला आणि ओरडले, "भाऊ! मी नाना!"

आबांनी दोन्ही हातांनी करवंट्या उचलून धरल्या. "हळू बोल रे, मेलो!"

"हळू बोला नाना, पुरे होतं," मी सांगितलं. नानांना ते पटायला वेळ लागला. मग हळू बोलले. भाऊ ऐकतोय हे पाहून आणखी हळू बोलले. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली. हे आपल्या खुर्चीत पेपर वाचत होते, मी चहा घेऊन चौकटीत उभी होते. आणि नाना एकदम म्हणाले, "भाऊ, एक बोलायचं राह्यलं व्हतं. वरडून सांगन्यासारखं नव्हतं, म्हनून राह्यलं."

"बोल ना."

"रागवू नोको. मले ते इहिरीचं वावर नको व्हतं."

पेपर खाली आला.

"मले रस्त्याकडचं पाह्यजे व्हतं," नाना खाली बघत माइकला सांगत होते. "मी बोलनारच व्हतो. पन पंचानं इचारलं आन तू लगेच हो म्हनला. येवढं मोठं मन केलं भावानं, त्याले नको कसं म्हनाव? आता रस्ता डांबरी झाला. ट्रक तुह्या बांधाले लागतो. माह्या वावरातून घड डोक्यावर वाहू वाहू पोरं बेजार झाले. इहिरीतलं पानीबी खाली गेलं. कोनाजोय बोलायची सोय नाही. लोक म्हनतात, भावानं सोन्याचा तुकडा देला."

नानांना वाटलं, आता संपलं सगळं. त्यांनी माइक माझ्याकडे दिला, जणू तो परत केला की बोललेलंही परत होईल.

"नाना," आबा म्हणाले, "ती इहीर मी अन बापानं खांदेल हाये. मले तीच पाह्यजे व्हती रे."

"मंग देली कशाले?" नानांनी माझ्या हातातल्या माइकवर वाकून विचारलं.

आबांनी सांगितलं. जेवणाचं, दाढीचं, सगळं. नानांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि दोघं भाऊ असे हसायला लागले की मी पळत जाऊन आबांचं डोकं धरून ठेवलं.

हे खुर्चीतून उठून उभे राहिले होते. "आबा, म्हणजे तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं?" त्यांनी विचारलं. माइक माझ्या हातात होता, त्यामुळे आबांना तेही ऐकू आलं नाही. आबा हसत होते. मी माइक यांच्यापुढे धरला. यांनी तो घेतला नाही. पेपर उचलून परत बसले. पेपर उलटा होता असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तो सुलटाच होता. ते अग्रलेख वाचत होते.

पट्टी निघाली. आबांना दिसू लागलं, तरी हेडफोन काढायला ते तयार होईनात. गावी जायच्या दिवशी यांनी स्वतः अॅम्प्लिफायर पुसला, वायरी गुंडाळल्या, माइक कॉलेजचा होता म्हणून दुसरा विकत आणला, आणि सगळं पुन्हा केळीच्याच एका परत जाणाऱ्या ट्रकमधे चढवलं. मी म्हटलं, "रेकॉर्ड कशावर ऐकणार?" म्हणाले, "ऐकल्यात सगळ्या." चार स्पीकर आमच्याकडे राहिले, मुके. मी लगेच एकाची जागा मोकळी करून घेतली आणि फ्रिजची वाट बघू लागले.

गावी दोघा भावांनी बराच काळ खल केला. अदलाबदल करायची तर लोकांना कारण काय सांगायचं? खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी मुलांना विश्वासात घेऊन, फार बोभाटा न करता, त्यांनी तुकडे बदलून घेतले. आबांना विहीर मिळाली, नानांना रस्ता. गावानं कारण विचारलंच नाही, कारण गावाला ते माहीत होतं. नानानं भावाचे उपकार फेडले. सोन्याचा तुकडा मुकाट्यानं परत केला. तोपर्यंत आमच्या घराण्यात एकच देवमाणूस होता, आता दोन झाले. यांनी कॉलेजात गोष्ट सांगणं बंद केलं असेल असं मला वाटलं होतं. पुढे त्यांचा एक विद्यार्थी भेटला, तो म्हणाला, "सरांच्या वडिलांची आणि काकांची गोष्ट ऐकून आम्ही सगळे रडलो होतो." म्हणजे त्यांनी दुसरा भाग जोडून घेतला होता.

नव्वद सालानंतर यांना जळगावच्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. गाव जवळ आलं. सुटीच्या दिवशी जाणं होऊ लागलं. आबांचं ऐकणं आता चांगलंच सरावाचं झालं होतं. ओसरीवर अॅम्प्लिफायर, डोक्यावर करवंट्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माइक द्यायचा. लोकांना त्याचं अप्रूप राहिलं नव्हतं. तालुक्याचे पुढारीसुद्धा दारात आले की आधी माइक मागायचे.

सासूबाई मात्र त्याला हात लावायच्या नाहीत. त्या पूर्वीसारख्याच खुणा करून, नाहीतर ओरडून सांगायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मले नाही जमत ते यंत्र."

एका सुटीत दुपारी मी मागच्या दारानं आत आले. हे आमच्या पोरांना घेऊन शेतात गेले होते. ओसरीवर दोघंच होती. सासूबाई आबांच्या समोर मांडी घालून बसल्या होत्या, माइक दोन्ही हातांत, अगदी ओठांशी. आवाज चढलेला नव्हता. त्या सुरुवातीपासून सांगत होत्या. लग्नात माहेरच्यांचा मान राहिला नाही तिथपासून. विहिरीवर आल्या, थोरल्या मुलीच्या बाळंतपणावर आल्या, विकलेल्या म्हशीवर आल्या. इतकी वर्षं त्या हे सगळं आबांच्या पाठीमागे बोलत आल्या होत्या आणि आबांना ते ऐकू येत नाही म्हणून बोलत आल्या होत्या. आता समोर बसून, काही गाळलं जाणार नाही अशा बेतानं, हळू आवाजात सांगत होत्या.

आबांनी एकदा करवंटीला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या."

आबांनी हात खाली घेतला. मी चुलीवर चहा ठेवला आणि साखर कमी टाकली.